माळ्यावरचा जुना टीव्ही कसा घालवायचा? (वाह्यात उपायही चालतील)

माळेकरी
मंडळी, कोथरूडला आईबाबांचा फ्लॅट रंगवायला काढलाय म्हणून माळा रिकामा करणं आलं आणि वरून जे काय निघालं ते बघून रंगारी पण हसायला लागला. २१ इंची ढब्बू टीव्ही (उतरवायला दोन माणसं), व्हीसीआर, डबल कॅसेटवाला टेप, सेटटॉप बॉक्सची चळत, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि एक पिशवी भरून नुसते अडॅप्टर, ज्यांची मूळ यंत्रं कुठली ते घरात कोणालाच माहीत नाही. पण खरी अडचण भंगाराची नाहीये, बाबांची आहे. काहीही उचललं की "अरे चालू आहे तो!" भंगारवाला टीव्हीचे दीडशे म्हणाला तर बाबा आत जाऊन त्याला मूळ बिल दाखवायला घेऊन आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. तर सुचवा काहीतरी.

पेठेतला
सोप्पंय. जिन्याखाली ठेवा आणि पाटी लावा, "हा टीव्ही चेअरमनसाहेबांसाठी राखून ठेवला आहे. इतरांनी चौकशी करू नये." सकाळी जागेवर नसणार. आमचा स्कॅनर असाच गेला, फक्त नेणाऱ्याने पाटीखाली पेनने लिहून ठेवलं, "वायर कुठाय?"

ढोलताशा
गणपतीत वापरा की! आतलं सगळं काढायचं, खोक्यात बाप्पा, वर जुना अँटेना, झाला देखावा. कागदी मखरापेक्षा भारी.

वायरमन
@ढोलताशा देखावा ठीकाय पण घरी उघडू नका हो प्लीज. जुन्या टीव्हीची नळी बंद असली तरी चार्ज धरून बसू शकते, असा झटका बसतो की बाप्पाच आठवतील. आणि काचेत शिसं असतं. भंगारवाला काय करतो, नळीच्या मानेवरची तांब्याची कॉइल काढून घेतो आणि काच फोडून टाकतो कुठेतरी नाल्यात, त्यामुळे दीडशे काय दीड हजार दिले तरी त्याला देऊ नका. तुमच्याकडे ओला-सुका न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येत असतील तर त्यांनाच विचारा, त्यांची संस्था ई-कचरा वेगळा गोळा करते. शिवाय २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, त्यात जुना माल नीट रिसायकल व्हावा ही जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. आता तुमच्या टीव्हीची कंपनीच गाशा गुंडाळून बसली असेल तर गोष्ट वेगळी.

सूनबाई_सिंहगड_रोड
वायरमन बरोबर बोलतायत पण बाबांचं काय? "देऊन टाकू" हा शब्दच काढायचा नाही. "दुरुस्तीला टाकू" म्हणायचं. आमच्या सासऱ्यांचा रेडिओ तापकीर गल्लीत दुरुस्तीला गेलाय, "पार्ट मागवलाय" असं दुकानदाराने सांगितलंय, म्हणजे आम्हीच त्याला सांगायला सांगितलंय. सासरे अजून अधूनमधून फोन करतात, तोही बिचारा न कंटाळता "पुढच्या आठवड्यात बघा काका" म्हणतो. देवमाणूस आहे.

जुनाबाजारी
टेप फेकू नका, त्याला गिऱ्हाईक आहे. जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो (हे बाहेरच्यांना समजावणं अवघड जातं). फक्त बाबांना बरोबर नेऊ नका. माझ्या मामांना नेलं होतं पंखा विकायला, पंखा विकला आणि त्याच पैशात दोन इस्त्र्या घेऊन आले, "एकीत दुसरीचे पार्ट घालू" म्हणे.

माळेकरी
धन्यवाद सगळ्यांना! नळीत शिसं असतं म्हटल्यावर आईनेच निकाल लावला, टीव्ही ताईंकडे जाणार. टेपचं रविवारी बघतो, एकटा जाऊन. पण एक लोचा झालाय, हे सगळं चालू असताना बाबांनी प्रिंटर लावून बघितला, आता तो हॉलमध्ये आहे आणि किर्र किर्र आवाजात सोसायटीची नोटीस छापायचं घाटतंय. कडेला भोकं असलेला तो कागद कुठे मिळतो हो अजून?

पेठेतला
अप्पा बळवंत चौकात विचारा. पण बाबांनाच पाठवा, तेवढ्यात अडॅप्टरची पिशवी काढून घ्या.