नांदेड विद्यापीठाची बी.एस्सी. (रसायनशास्त्र) पदवी आणि औषध कंपनीतील नोकरी : मार्गदर्शन हवे आहे

बीएस्सी_रसायन :

नमस्कार. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयातून रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मी यंदा बी.एस्सी. झालो. औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात काम करण्याची इच्छा आहे. आमच्याकडे कॅम्पससाठी कोणी येत नाही, म्हणून पुण्यातील कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अर्ज करतो. परंतु त्या अर्जातील यादीत आमचे महाविद्यालय नसतेच, कधी कधी विद्यापीठही सापडत नाही. ‘इतर’ निवडून पुढे गेल्यावर त्या अर्जाचे काय होते, ते शेवटपर्यंत कळत नाही. एका मुलाखतीत विद्यापीठाचे नाव ऐकताच ‘तुमच्याकडे प्रॅक्टिकल होतात का?’ असा पहिला प्रश्न आला आणि त्यानंतर फारसे काही विचारलेच नाही. घरी कोरडवाहू शेती आहे, त्यामुळे एम.एस्सी.साठी आणखी 2 वर्षे थांबणे कठीण आहे. या पदवीवर क्यूसीमध्ये प्रवेश मिळण्याचा मार्ग कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाळूज_क्यूसी :

मी स्वतः अशाच पदवीवर या क्षेत्रात आलो आणि आता नव्या मुलांच्या मुलाखती घेतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील अर्ज प्रथम एचआरकडे जातो आणि हजारो अर्जांची चाळणी लावताना ओळखीच्या संस्थांची नावे वर राहतात. हे अन्यायाचे आहे, पण त्या खिडकीतून बी.एस्सी. फ्रेशरची भरती तशीही कमीच होते. वाळूज, चिकलठाणा, कुरकुंभ, तारापूर, महाड येथील कारखान्यांत ही पदे बहुतांशी वॉक-इनमधून (ठरल्या दिवशी थेट जाऊन देण्याच्या मुलाखतीतून), अप्रेंटिस म्हणून किंवा आधीपासून कामावर असलेल्या मुलांच्या ओळखीने भरली जातात. तेथे समोर बसलेला माणूस क्यूसीचा असतो आणि त्याला उद्यापासून बेंचवर उभा राहू शकेल असा मुलगा हवा असतो.

आम्ही काय विचारतो, ते सांगतो. 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसे तयार कराल, हा प्रश्न जवळजवळ ठरलेला. किती ग्रॅम वजन करायचे ते सगळे सांगतात. परंतु सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून वजनावर विसंबता येत नाही, पाणी उकळून गार केलेले घ्यावे लागते आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने स्टँडर्डायझेशन (द्रावणाची नेमकी तीव्रता ठरवणे) करावे लागते, हे सांगणारा मुलगा विरळा. तो भेटला की आम्ही त्याचे विद्यापीठ विचारत नाही. नंतर ब्युरेट हातात देतो. नळी त्याच द्रावणाने धुतली का, तोटीखालच्या टोकातील हवेचा बुडबुडा काढला का, नरसाळे वरून उचलले का, रीडिंग डोळ्यांच्या पातळीवर घेतले का, आणि रीडिंग लगेच वहीत लिहिले की हातावर, एवढे पाहिले तरी पुरेसे असते. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण औषध कारखान्यात ज्याची त्याच वेळी नोंद नाही, ते काम झालेच नाही असे धरतात. एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) तुमच्या महाविद्यालयात नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. मात्र सी-18 कॉलम, रिव्हर्स फेज, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारे द्रावण) 0.45 मायक्रॉनमधून गाळून डीगॅस का करतात, म्हणजे त्यातील हवा का काढतात, एवढे वाचून या.

आणखी एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. औषध नियम, 1945 मधील नियम 71 नुसार औषधाचे उत्पादन ज्यांच्या देखरेखीखाली चालते, त्या तांत्रिक व्यक्तींमध्ये रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधरही येतो. अट एवढीच की विद्यापीठ मान्यताप्राप्त असावे आणि पदवीनंतर औषधनिर्मितीचा किमान 3 वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असावा. बी.फार्म. झालेल्यांना हीच अट 18 महिन्यांची आहे. विद्यापीठ मोठे की लहान, याबद्दल नियमात अक्षरही नाही. पहिली 3 वर्षे कारखान्याच्या आत काढणे हेच तुमचे उद्दिष्ट ठेवा. क्यूसीतच जागा हवी असा हट्ट धरू नका. प्रॉडक्शनमध्ये मिळाली तरी घ्या, कारण या नियमासाठी अनुभव निर्मितीचाच मोजतात.

सीमावर्ती :

आपण नांदेड भागातले असून पुण्याकडे का पाहता, हे मला समजत नाही. नांदेडहून हैदराबाद पुण्यापेक्षा पुष्कळ जवळ आहे. देगलूरवरून संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 पकडला की पटनचेरू, पाशमैलारम, बोल्लारम हा औषध कारखान्यांचा सगळा पट्टा शहराच्या अलीकडेच लागतो. देगलूर, बिलोली, मुखेड भागातील मुले तेथे कामाला आहेत. प्रथम त्यांच्यापैकी कोणाला तरी गाठा, कारण वॉक-इनची तारीख त्यांना आधी कळते. हिंदीवर काम भागते, तेलुगू हळूहळू कानावर पडून येते. मात्र कारखाना पारखून घ्या. जून 2025 मध्ये पाशमैलारमला झालेल्या स्फोटात बळी पडलेल्यांमध्ये पोटासाठी परराज्यांतून आलेले अनेक कामगार होते. सॉल्व्हंट आणि भुकटी जेथे हाताळली जाते, तेथे पहिल्याच दिवशी सुरक्षेचे प्रशिक्षण न देणाऱ्या ठिकाणी पगार चांगला असला तरी थांबू नये.

अध्यापक_मराठवाडा :

वरील मतांशी मी बराचसा सहमत आहे, परंतु एक बाजू राहून गेली. संशोधन व विकास विभागात मात्र संस्थेचे नाव पाहिले जाते आणि तेथे केवळ बी.एस्सी.वर दार उघडत नाही. त्या दिशेने जायचे असेल, तर एम.एस्सी. प्रवेशासाठीची आयआयटींची जॅम परीक्षा कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या बी.एस्सी. विद्यार्थ्याला देता येते आणि हैदराबाद विद्यापीठाचे एम.एस्सी. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. नोकरी करताकरता तयारी करणे अवघड असले, तरी अशक्य नाही. दुसरे असे की, अर्जात टक्केवारी विचारतात आणि आपल्या गुणपत्रकावर सीजीपीए असतो. मनाने गुणाकार करून आकडा टाकू नका, विद्यापीठाच्या सूत्राने रूपांतर करून त्याचा कागद जवळ ठेवा. पडताळणीच्या वेळी आकडा जुळला नाही, तर मिळालेली नोकरी हातची जाते.

बीएस्सी_रसायन :

सर्वांचे मनापासून आभार. एका ठेकेदाराचा फोन आला होता. तो एका कारखान्यात लॅब असिस्टंट म्हणून लावतो म्हणाला, परंतु मूळ गुणपत्रके आणि 15,000 रुपये अनामत मागतो. दुसरीकडे अप्रेंटिसची जागा आहे, तेथे पैसे कमी मिळतील. काय करावे?

वाळूज_क्यूसी :

ठेकेदाराला मूळ कागद देऊ नका आणि पैसेही देऊ नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवून परत घ्यायचे असतात. नोकरी देणारा पगार देतो. आधी तुमच्याकडून घेत असेल, तर तेथे जाऊच नये.

अप्रेंटिस घ्या. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खालची नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण) योजना आता केवळ अभियंत्यांसाठी राहिलेली नाही. 2019 च्या नियमबदलात पदवीधरांचे किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरले होते. सध्याचा दर नॅट्सच्या पोर्टलवर पाहून घ्या. करार त्या पोर्टलवर नोंदलेला आहे ना, याची खात्री करा, कारण शेवटी मिळणारे प्रमाणपत्र त्याच नोंदीवर अवलंबून असते. पुढे ठेक्यावर काम करण्याची वेळ आलीच, तर हजर होण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा : पीएफ पहिल्या महिन्यापासून भरणार का, आणि अनुभवपत्र कोणाच्या लेटरहेडवर व कोणत्या विभागाच्या नावाने मिळणार.