कार्तिए घराण्याचा इतिहास 1974 साली संपला, असे का म्हणू नये?

शिंपला:
पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीविषयी कोणीही लिहायला बसले की '1847पासून' हे बिरुद आणि तीन भावांची गोष्ट ओघाने येतेच. गोष्ट सुरेख आहे. ती आजच्या कंपनीच्या खात्यावर जमा करण्याला माझा आक्षेप आहे. 1847 साली लुई-फ्रांस्वा कार्तिए यांनी आपले उस्ताद अडॉल्फ पिकार यांची कार्यशाळा चालवायला घेतली, मुलगा आल्फ्रेद याने व्यवसाय वाढवला आणि नातवांनी जग आपसांत वाटून घेतले: थोरला लुई पॅरिसला राहिला, मधला प्येर न्यू यॉर्कला गेला आणि धाकट्या झाककडे लंडन आले. 1898 साली लुईचे लग्न वर्थ या प्रख्यात पोशाखकर्त्या घराण्यातील मुलीशी झाले आणि पुढच्याच वर्षी पेढी रू द ला पे या रस्त्यावर गेली, जिथे वर्थ यांचे दुकान आधीपासून होते. सोयरीक आणि दुकानाची जागा यांचे हे गणित आपल्याकडच्या कोणत्याही सराफाला समजावून सांगावे लागणार नाही.

झाक 1941 साली, लुई 1942 साली आणि प्येर 1964 साली वारले. न्यू यॉर्कची शाखा 1962 साली विकली गेली, पुढे पॅरिसची गेली, आणि शेवटी 1974 साली झाकच्या मुलाने लंडनचीही विकली. सिगारेटचे लायटर बनवणाऱ्या रॉबेर ओक यांच्या गटाने तिन्ही शाखा विकत घेऊन 1979 साली पुन्हा एकत्र आणल्या. आज मालकी रिशमाँ या उद्योगसमूहाची आहे. मग हा इतिहास घराण्याचा कसा?

जुनी पेढी:
आपला हिशेब मालकीच्या कागदापुरता बरोबर आहे, पण दागिना कागदावर घडत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या सराफी झाली. पाटीवर आडनाव आमचे होते, पण ज्या तोडे-बांगड्यांसाठी गिऱ्हाईक परगावाहून येई, त्या मागच्या खोलीत बसणाऱ्या कारागिरांच्या हातच्या होत्या. कार्तिएचेही तेच आहे. शार्ल झाको हे तिथले थोर रेखाटनकार कार्तिए घराण्यातले नव्हते. 1933पासून उंची दागिन्यांची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या झान तूसाँही नव्हत्या; आणि आज ज्या बिबळ्याच्या आकारावरून लोक ही पेढी ओळखतात, तो त्रिमितीत आणला तो त्यांनीच. 1948 साली डचेस ऑफ विंडसर (इंग्लंडचे गादी सोडलेले राजे आठवे एडवर्ड यांच्या पत्नी) यांच्यासाठी केलेल्या ब्रोचमध्ये 116 कॅरटहून अधिक वजनाच्या पाचूवर तो सोन्याचा बिबळ्या बसला आहे. तेव्हा पेढी घराण्याकडेच होती, हे मान्य. पण ती नजर रक्तातून आली नव्हती.

प्लॅटिनमचेच पाहा. त्याआधी हिरे चांदीत बसवून मागून सोन्याचा पत्रा देत. चांदी मऊ असल्यामुळे कोंदण जाड ठेवावे लागे आणि ती काळी पडे, ती वेगळीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्तिएच्या कारागिरांनी प्लॅटिनम धरले. ते इतके चिवट की केसासारख्या बारीक तारेवरही हिरा पक्का बसतो, आणि त्यातूनच ती लेससारखी, जवळजवळ धातूच न दिसणारी घडण शक्य झाली. हे ज्ञान विक्रीखताने नाहीसे होत नाही.

शिंपला:
हात कारागिरांचे, हे कबूल. पण जोखीम कोणाची होती? 1917 साली प्येर कार्तिए यांनी न्यू यॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरील मॉर्टन प्लँट यांची हवेली 100 डॉलर रोख आणि दोन सरांचा अस्सल मोत्यांचा हार देऊन घेतली. त्या हारात 128 मोती होते आणि त्याची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली जात होती. एकाच घाटाचे, एकाच पाण्याचे इतके मोती जुळवायला किती काळ लागत असेल, हे मोती पारखणाऱ्यालाच विचारावे. पुढे जपानी संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले) मोती बाजारात आले, 1929ची मंदी आली, आणि 1957 साली तोच हार लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेला. हवेलीत मात्र दुकान आजही आहे. हा निर्णय घरच्या माणसाने घरच्या भांडवलावर घेतला होता. नव्या मालकांनी 1973 साली 'ले मस्ट' नावाखाली लायटर, चामड्याच्या वस्तू आणि पुढे सोन्याचे पाणी दिलेल्या चांदीची घड्याळे काढली. त्यात व्यापारी हुशारी जरूर आहे, पण ती परंपरा नव्हे.

बसरा:
आपण दोघेही गल्ल्याच्या एकाच बाजूने बोलत आहात. त्या हारासारख्या हारांचे मोती यायचे कुठून? मुख्यतः इराणच्या आखातातून, आणि त्यांचा मोठा बाजार मुंबईत भरायचा. म्हणून तर आपल्याकडे आजही जुन्या नथीकडे बोट दाखवून 'बसऱ्याचा मोती' म्हणतात. झाक कार्तिए 1911 साली दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आले, आणि 1912 साली बहरीनपर्यंत गेले, ते उगाच नाही. पानाफुलांच्या आकारात कोरलेले पाचू, माणिक आणि नीलम इथून नेऊन प्लॅटिनममध्ये गुंफले गेले. त्या घडणीला पुढे 'टूटी फ्रूटी' असे बाळबोध नाव मिळाले. एका पाचूवर पानाच्या शिरा कोरायच्या तर तो कुठे तडकेल याची जाण बोटांत असावी लागते. ते कोरणारे कोण, हे कोणत्याही दागिन्याखाली लिहिलेले नसते. घराणे कार्तिएंचे की कंपनीचे, हा वाद त्या माणसांच्या दृष्टीने भाऊबंदकीतलाच आहे.

जुनी पेढी:
बसरा, आपला मुद्दा रास्त आहे, पण त्यात संस्थानिकांना फार सहज सोडून दिले आहे. पतियाळाच्या भूपिंदर सिंगांनी 1925 साली आपलेच हिरे पॅरिसला पाठवले आणि 1928 साली 2,930 हिऱ्यांचा हार करून घेतला, ज्याच्या मध्यभागी 234 कॅरटचा डी बिअर्स हिरा होता. आपल्या मराठी संस्थानिकांपैकी तुकोजीराव होळकरांनी 1913 साली शोमे या दुसऱ्या पॅरिसच्या पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले. आपल्या जडावकामाकडे पाठ फिरवणारे हात आपलेच होते.

आणि शिंपला, पतियाळाचा तो हार 1948च्या सुमारास नाहीसा झाला. 1998 साली त्याचा मोठे हिरे काढून घेतलेला सांगाडा लंडनमध्ये सापडला, तेव्हा घराण्याला पेढी सोडून दोन तपे लोटली होती. आपण ज्या कंपनीला परकी म्हणता, तिनेच तो ओळखला, विकत घेतला आणि वर्षानुवर्षे खपून पुन्हा उभा केला. जुनी रेखाटने आणि छायाचित्रे जपलेली नसती तर हे कसे झाले असते?

शिंपला:
हे मला मान्य करावे लागेल, आणि मूळ प्रश्नात मी हे धरले नव्हते. फक्त एवढी भर घालतो की डी बिअर्स आणि इतर मोठ्या हिऱ्यांच्या जागी तिथे आज नकली खडे आहेत, आणि ते नकली आहेत हे कंपनी लपवत नाही. तेवढाच प्रामाणिकपणा सालांच्या बाबतीतही असावा. बिरुदात 1847 खुशाल असू द्या. माझे म्हणणे एवढेच, की जो कोणी तीन भावांची गोष्ट सांगेल त्याने 1962, 1974 आणि 1979 ही सालेही त्याच परिच्छेदात लिहावीत.

बसरा:
आणि त्याच परिच्छेदात बहरीन आणि मुंबईसुद्धा.