परड्यातली तांबडी माती: भाजी होईल, की पोयटा विकत आणू?

सातारची_लेक · 8 ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. माहेर सातारा, सासर देवगड तालुका. पंचवीस वर्षं डोंबिवलीत काढून जूनमध्ये आम्ही दोघं इथं कायमचे आलो. घरामागच्या परड्यात गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) विहिरीपर्यंत वीस बाय तीस फुटांचा तुकडा आहे. दहाएक वर्षं तिथं रानमोडी आणि घाणेरीचंच राज्य होतं. ती साफ करून गणपतीच्या आधी पहिली भाजी लावली. फसली, म्हणून हा प्रश्न.

मी लहानपणापासून पाहिलेली माती म्हणजे काळी. पावसात चपलेला चिकटली की चप्पल दोन किलोची होते आणि उन्हाळ्यात भेगेत मनगटापर्यंत हात जातो. इथली माती हातात घेतली तर विटेचा चुरा वाटते. मेथी पेरली, ती दोन पानांवर पिवळी पडून तिथंच बसली. पालक बोटभर झाला आणि थांबला. टोमॅटोची दहा रोपं मात्र दीड फूट झाली, तरारलेली. मी फोटो काढून बहिणीला पाठवले, तिथंच नजर लागली बहुतेक. एके दुपारी तीन रोपांनी माना टाकल्या. पाणी घातलं, संध्याकाळी सावरली, दुसऱ्या दुपारी परत तेच. चौथ्या दिवशी गेली, आणि जाताना पानं हिरवीच! आतापर्यंत सात गेली. मुळाशी अळी नाही, खोडाला भोक नाही.

माती तपासून घेतली. सामू (pH, सातच्या खाली म्हणजे आंबट) 5.3. सेंद्रिय कर्ब 1.3 टक्के, त्यापुढे "जास्त" असं लिहिलंय. स्फुरद (फॉस्फरस) "अत्यंत कमी". कर्ब जास्त आणि तरी मेथी पिवळी, हे मला कळत नाही.

पहार मारून पाहिली. गडग्याकडे दीड हात आत जाते, विहिरीकडे हातभर. मधोमध पाच-सहा फुटांत मात्र चार बोटांवरच खणकन वाजते. खाली कातळ.

एक जण काळा पोयटा, म्हणजे गाळाची माती, आणून टाकतो म्हणतोय, ट्रॉलीला साडेसहा हजार, दोन ट्रॉल्या लागतील. सासूबाई (वय 82) म्हणतात, "माती इकत कित्याक हाडतंस गो? हयची माती काय मेली?" कोणाचं ऐकू?

टेरेसवाला · 8 ऑक्टोबर

सरळ विटांचे उंच वाफे बांधा, कोकोपीट आणि गांडूळखत भरा. खालची माती काय आहे याच्याशी देणंघेणंच नाही. माझ्या गच्चीत असंच आहे.

बावीवरचा · 8 ऑक्टोबर

सहाशे फूट जागेत कोकोपीट भरायला निघाल्या तर ताईंना डोंबिवलीचं घर विकावं लागेल.

ताई, सवडीनं लिहितो. आज भात झोडायचंय.

दापोलीचा_जुना_विद्यार्थी · 9 ऑक्टोबर

कृषी विद्यापीठात शिकलो, आता नोकरी दुसरीकडे, पण माती सुटत नाही.

आधी टोमॅटो. पानं हिरवी असताना झाड बसतं, ही बहुतेक जिवाणूजन्य मर. आता जे रोप माना टाकतंय त्याचं जमिनीलगतचं दोन इंच खोड ब्लेडनं कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तो तुकडा वरून धरून पाण्यात अर्धा बुडवा. हलवू नका. पाचेक मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाच्या धारेसारखे बारीक पांढरे धागे खाली उतरले तर तोच रोग. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली, तेव्हा त्या कोपऱ्यात यातलं काहीही नको. मेलेली रोपं खताच्या खड्ड्यात टाकली असतील तर काढा आणि जाळा. तिथलं खुरपं दुसरीकडे वापरण्याआधी धुवा.

आता कर्ब आणि पिवळी मेथी. दहा वर्षांचा रानमोडीचा पाला तिथंच कुजला, त्यामुळे कर्ब आहे. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेणारी ही माती. कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं, मागं लोह आणि ॲल्युमिनियम राहतं. तांबडा रंग त्या लोहाचाच. माती आंबट झाली की स्फुरद या दोघांना जखडून बसतो. म्हणजे घातलेलं खत मातीत असतं, पण मुळाला मिळत नाही. मेथी आणि पालक यांना आंबट माती मुळीच सोसत नाही. तुम्ही नेमक्या त्याच दोन भाज्या निवडल्या!

उपाय चुन्याचा. चुनखडीची बारीक भुकटी किंवा डोलोमाइट, चौरस मीटरला साधारण 250 ग्रॅम. तुमच्या अख्ख्या तुकड्याला 14 किलो होईल, कातळाची जागा वगळली तर 12 पुरे. वरच्या वीतभर मातीत नीट मिसळा. कळीचा चुना नको, तो भाजतो. आणि चुना व शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातला नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडतो. चुना आधी, दोन-तीन आठवड्यांनी खत. स्फुरदाचं खत सगळीकडे फेकू नका. शेणखतात कालवून बियांच्या ओळीखाली द्या, म्हणजे मातीशी त्याची गाठ कमी पडते. पुढच्या वर्षी पुन्हा तपासा. सामू सहाच्या वर गेला की थांबा.

पोयटा आणू नका. कुठल्या शेतातला, त्यात लव्हाळ्याच्या किती गाठी, कुठला रोग, काही पत्ता नसतो. शिवाय तांबडीवर काळीचा थर बसला की दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं.

बावीवरचा · 9 ऑक्टोबर, रात्री

दापोलीकरांनी औषध सांगितलं, मी जागा सांगतो. आमचं गाव वेंगुर्ल्याकडे, घर सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) उतारावर, माती तुमचीच.

तुम्ही पहार मारून पाहिलीत, हे फार बरं केलंत. पण जिथं चार बोटांवर वाजते तिथं वाफा कशाला? तिथं खताचा ढीग घाला. कातळावर मूळ जात नाही, खत मात्र सुखानं कुजतं. आणि ढीग परड्याच्या मधोमध असला की घमेलं चारी बाजूंना सारखंच लांब. माझ्या वडिलांनी असंच केलेलं. मी लहानपणी त्यांना विचारायचो की चांगल्या जागेच्या मध्ये हा उकिरडा का? आता कळतं.

दुसरं. इंटरनेटवर बघून सगळे उंच वाफे करतात. आमच्याकडे वाफ्याला दोन आकार. मृगाच्या आधी वरंबे, चांगले वीतभर उंच, नाहीतर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत बी आणि माती दोन्ही शेजाऱ्याकडे. पण पाऊस गेला की तेच वरंबे मोडायचे आणि उलटं करायचं: वाफा चार बोटं खोल, भोवती मेर, म्हणजे मातीचा छोटा बांध. ही माती पाणी धरत नाही. हिवाळ्यात उंच वाफ्यावर शिंपणं म्हणजे चाळणीत पाणी. भात काढल्यावर मळ्यातली भाजी बघून या कुठंही, सगळे वाफे बशीसारखे दिसतील. ताई, तुम्ही आता ऑक्टोबरात सुरू करताय म्हणजे बशी.

विटेचा चुरा म्हणालात, त्यावरून. चिरा, म्हणजे इथला जांभा दगड, खाणीतून काढतात तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो. मातीही त्याच घरची. उघडी ठेवलीत तर वर पापुद्रा धरते आणि कोंब खालीच गुदमरतो. म्हणून पातेरा, म्हणजे वाळका पाला. आंबा, काजू, फणस, जो पडेल तो. ओळींच्या मध्ये चार बोटं जाड. मुळांजवळ ओली सोडणं (नारळाची सालं) पालथी घालून ठेवा, पाण्याची एक पाळी वाचते.

पहिल्या वर्षी लाल माठ. मेथीची हौस पुढच्या वर्षी. चिमूटभर बी मूठभर राखेत मिसळा, नाहीतर एकाच जागी ढीग पडतो आणि मुंग्या उचलून नेतात. फेकल्यावर हाताचा पंजा नुसता फिरवा, पुरू नका. वरून एक चुडतं (नारळाची झावळी) आडवं टाका आणि त्याच्यावरूनच झारीनं पाणी द्या. कोंब दिसले की संध्याकाळी चुडतं काढा, दुपारी काढलंत तर करपतील. महिन्यात भाजी. बाजूला चवळी आणि कडवे वाल. विहिरीकडच्या हातभर मातीत मुळा. गडग्याकडे माती खोल आहे, तिथं दोन आळी दुधीची, आणि मांडव गडग्यावरच टेकवा.

नारळ किती लांब आहे? बुंध्यापासून सहा-सात फूट सोडा, तिथली माती नारळाची आहे, तुमची नाही.

गोठ्यातून · 10 ऑक्टोबर

चुना विकत कशाला? रानमोडी तोडलीच आहे तर वाफ्यावर पसरून भाजा. आमच्याकडे तरव्याला (भाताच्या रोपांच्या वाफ्याला) भाजावळ करतातच. तण मरतं, राख मिळते.

दापोलीचा_जुना_विद्यार्थी · 10 ऑक्टोबर

राखेनं आंबटपणा थोडा उतरतो आणि पालाश (पोटॅश) मिळतं, हे खरं. पण भाजताना पाल्यातला नत्र आणि कर्ब दोन्ही धुरात जातात. ताईंच्या मातीत एकच गोष्ट भरपूर आहे, ती कर्ब. ती कशाला जाळायची? चुलीची राख असेल तर जरूर टाका. रानमोडी बी धरायच्या आधी कापून आच्छादनाला वापरा.

बावीवरचा · 10 ऑक्टोबर

भाजावळीवर आमच्या घरात दोन पिढ्या भांडण चालू आहे. मी दापोलीकरांच्या बाजूनं, माझा भाऊ गोठ्यातून-भाऊंच्या.

सातारची_लेक · 2 डिसेंबर

उशिरा लिहितेय, दिवाळीत पोरं आली होती.

ग्लासचा प्रयोग केला. आठवं रोप माना टाकत होतं, त्याचं खोड कापून पाण्यात धरलं. दोन मिनिटं काहीच नाही. मी हात अवघडून सोडणारच होते, तेवढ्यात कापलेल्या कडेखालून केसासारखी पांढरी रेघ निघाली, मग दुसरी, आणि तळाशी धुकं साठल्यासारखं झालं. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्या काय, टोमॅटोक दूध इला?" आधीची मेलेली सात रोपं मी खरंच खतात टाकली होती. उपसून जाळली.

पोयटेवाल्याला नाही म्हटलं. चुनखडी 14 ऑक्टोबरला मिसळली. पिशवी पंचवीस किलोचीच मिळाली, उरलेली माळ्यावर आहे. 1 नोव्हेंबरला शेणखत घालून चार बशा केल्या, मधोमध कातळावर ढीग. वरंबे करायची सवय असल्यानं खोल वाफा करताना हात सारखा उलटा जायचा. माठ परवा काढला, सहा जुड्या. रंग असा की धुताना पाणी गुलाबी झालं. चवळी गुडघाभर आहे. मुळ्याची दोन टोकं वाकडी निघाली, खाली खडा असणार. गडग्याकडचा दुधी मात्र अजून रुसलेला आहे, पानं लहान. तिथं चुना नीट मिसळला गेला नाही असा मला संशय आहे, कारण तेवढी खणणी यांच्याकडे दिली होती.

चूक एक केली. चुडतं दुपारी दोनला काढलं. वाचलं होतं, तरीही. एक अख्खी बशी करपली, पुन्हा पेरली.

@बावीवरचा, नारळ बारा फुटांवर आहे, मोजला.

आता शेजारच्या कोंबड्या पातेरा उकरून सगळा वाफ्याबाहेर टाकतात. त्याचा धागा वेगळा काढते, कारण त्या कोंबड्या सासूबाईंच्या जावेच्या आहेत.