गिरगावच्या जुन्या इंग्रजी खतातला 'ओआर्ट': वाडी, आगर की बाग?

आजोळचे कागद
नमस्कार मंडळी. आईच्या माहेरची गिरगावातली जागा वाटणीला निघाली आहे, त्यासाठी जुने कागद चाळते आहे. त्यातलं सगळ्यात जुनं खत इंग्रजीत आहे, पूर्ण हाताने लिहिलेलं. एवढ्या थोरल्या कागदावर एकही पूर्णविराम नाही. वकिलांना मराठी भाषांतर हवं आहे. बरंचसं लागलं, पण एका शब्दापाशी अडले आहे.

जागेचं वर्णन 'ऑल दॅट' असं सुरू होतं आणि लगेच एक चार अक्षरांचा शब्द येतो. मी तो 'कार्ट' वाचला. वकिलांचे कारकून म्हणतात तो 'पार्ट' आहे, सरळ 'जागेचा भाग' लिहा. पण पुढे नारळाच्या आणि 'ब्रॅब' नावाच्या कसल्याशा झाडांचा उल्लेख आहे. हाच शब्द चतुःसीमेत पुन्हा येतो, प्रत्येक वेळी कुणाच्या तरी नावाला जोडून: पूर्वेस अमक्याचा 'कार्ट', दक्षिणेस तमक्याचा. 'भाग' लिहिलं तर वाटणीचा अर्थच फिरतो, कारण मग पूर्ण जागा होती की तिचा हिस्सा होता, हा वाद उभा राहील. सालही १८१४ आहे की १८४४ ते नीट दिसत नाही. कुणी असं खत वाचलं आहे का?

बोरूबहाद्दर
ताई, आधी साल सोडवू. सुरुवातीला राजाचं नाव आणि राज्यारोहणाचं कितवं वर्ष ते अक्षरी लिहिलेलं असेल. ते पाहून सांगा.

आजोळचे कागद
हो, आहे. तिसरा जॉर्ज, चौपन्नावं वर्ष. महिना मार्च.

बोरूबहाद्दर
मग १८१४ च. तिसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० ला गादीवर आला. त्याचं चौपन्नावं वर्ष २५ ऑक्टोबर १८१३ ला सुरू होऊन पुढच्या २४ ऑक्टोबरला संपतं. १८४४ मध्ये गादीवर व्हिक्टोरिया होती. आकडा पुसला तरी राजा साल सांगतो.

आता तुमचा शब्द. तो एकटा वाचू नका. 'अवर सॉव्हरिन लॉर्ड' हे शब्द वरच असतील, त्यातला 'अवर'चा मोठा ओ काढा. 'ख्राइस्ट' किंवा 'कंपनी'मधला मोठा सी काढा, आणि 'पार्सल'मधला पी. तिन्ही अक्षरं एकाच कारकुनाच्या हातची मिळाली की शेजारी ठेवून बघा. त्या काळच्या गोल वळणाच्या लिपीत मोठा ओ वरून सुरू होतो, डावीकडून फिरतो आणि वर आल्यावर टोक जुळवायच्या ऐवजी आत वेटोळं घेतो. हात घाईत असेल तर तो सी वाटतो. पीला मात्र उभा दांडा हवाच.

माझी खात्री आहे की तो 'ओआर्ट' आहे: ओ, ए, आर, टी. हा मुंबईच्या इंग्रजीतलाच शब्द. पोर्तुगीजांचा 'ओर्ता', म्हणजे बाग, इंग्रजांनी उचलला आणि नारळाच्या बागेसाठी वापरला. हॉब्सन-जॉब्सन कोशात (१८८६) नोंद आहे, आणि उदाहरणात माहीम-गिरगावचीच नावं आहेत. तिथल्या माडांच्या राईत ज्याचा जो तुकडा, तो त्याचा ओआर्ट. तुमच्या चतुःसीमेत नावं जोडून का येतात ते यावरून कळेल. 'ब्रॅब' म्हणजे ताड, तोही पोर्तुगीजच: 'पाल्मेइरा ब्राव्हा', रानटी माड.

आजोळचे कागद
बोरूबहाद्दर, अक्षरं शेजारी ठेवून पाहिली. 'अवर'चा ओ आणि हा ओ हुबेहूब एक आहेत! मनापासून आभार. आता प्रश्न असा की मराठीत काय लिहू? वाडी, आगर की नारळाची बाग?

खेतवाडीकर
वाडी. यात विचार करण्यासारखं काय आहे? फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, आमची खेतवाडी. गिरगाव म्हणजेच वाड्या. लोक आता वाडी म्हटलं की चाळी, गणपती आणि सार्वजनिक नळ एवढंच आठवतात, पण चाळी नंतर आल्या, आधी झाडं होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'वाडी'चा पहिला अर्थ कुंपण घातलेली बागायत असाच आहे. खेड्यातली वस्ती आणि शहराबाहेरचा भाग हे अर्थ त्यानंतर.

शब्दनिष्ठ
खेतवाडीकर, आपुलकी समजते, पण आजचा वाचक 'वाडी' वाचून घरांची वस्तीच समजणार. कोकणात नारळी-पोफळीच्या लागवडीला स्वच्छ, जुना, देशी शब्द आहे: आगर. माझं म्हणणं एवढंच की त्या जमिनीचं मराठी नाव आधीपासून होतं. मधे पोर्तुगीज आले, मग इंग्रजांचा कारकून आला आणि त्याने पोर्तुगीजांचा शब्द इंग्रजी वळणात लिहिला. मूळचा शब्द पुन्हा त्याच्या जागी बसवायची संधी भाषांतरकाराला मिळते आहे, तर ती का सोडायची?

दस्तवाचक
कारण भाषांतरकाराचं ते काम नाही. मी मुंबईच्या जमिनींचे कागद वर्षानुवर्षं वाचतो, म्हणून कळकळीने सांगतो. 'आगर' लिहिलंत तर समोरच्या बाजूचा वकील 'मिठागर' म्हणून उभा राहील, आणि या बेटांवर मिठागरं होतीच. 'वाडी' लिहिलंत तर त्यात बांधलेल्या चाळी धरल्या होत्या का, हा नवा वाद. 'बाग' लिहिलंत तर जमिनीचं उत्पन्नाचं स्वरूप जातं. माड-ताडांपासून नारळ आणि ताडी मिळायची, सारा त्याच्यावर होता.

ताई, मजकुरात 'ओआर्ट' हाच शब्द देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'नारळीच्या झाडांची कुंपणबंद जमीन' असा खुलासा करा.

शब्दनिष्ठ
म्हणजे मराठी भाषांतरात पोर्तुगीज शब्द, तोही इंग्रजांनी मोडलेला. मग भाषांतर कशाला करायचं?

दस्तवाचक
'फजंदारी' काय आहे मग? पोर्तुगीज 'फझेंदा'. परळ-दादरला पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणूस 'आमची जागा फजंदारी आहे' म्हणतो, मिळकत पत्रिकेवर तोच धारणाप्रकार लिहिलेला असतो. 'फोरास' पोर्तुगीज 'फोरो'पासून आला, म्हणजे जमिनीचं भाडं. हे शब्द आता जमिनीचे झाले आहेत. त्यांना हुसकावलं तर हक्कही पुसट होतात.

लेस्टरकर
मी इंग्लंडात असते आणि हौस म्हणून इथली जुनी खतं वाचते. गिरगावचं खत गोल अक्षरातलं आहे हे नशीबच समजा. इकडे सोळाव्या-सतराव्या शतकातली खतं 'सेक्रेटरी' वळणात असतात. त्यात ई उलटा असतो, सी हा आरसारखा दिसतो, एच ओळीखाली लोंबतो. न्यायालयाचे कागद तर १७३३ पर्यंत लॅटिनमध्येच, मधला क्रॉमवेलच्या काळचा थोडा अपवाद सोडला तर.

ताई, तुमच्या खतात 'मेफ्सुएज' असं काही दिसतं का? तो 'मेस्वेज' आहे, म्हणजे घर आणि त्याच्या भोवतालची जागा. दोन एस आले की पहिला लांब काढायची पद्धत होती, तो एफसारखा दिसतो. छापखान्यांनी १८०० च्या सुमारास लांब एस सोडला, पण हातांनी पुढेही बराच काळ सोडला नाही. गंमत म्हणजे हा शब्दच बहुधा चुकीच्या वाचनातून जन्मला आहे! जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस्नाज' होतं. त्यातला एन कुणीतरी यू वाचला, कारण हस्ताक्षरात दोन्हींच्या दोनच उभ्या रेघा, आणि तेव्हापासून सगळे वकील तो यू घेऊन चालले आहेत.

आजोळचे कागद
अगदी! 'मेफ्सुएज'च वाचत होते. आणि वर चिमुकला डी काढलेला एस म्हणजे 'सेड' ना, 'उपरोक्त'? तो तर दर ओळीला आहे.

बोरूबहाद्दर
तोच. आणखी एक युक्ती सांगतो. हक्कांची यादी जिथे येते तिथे कारकून ठरलेला मंत्र म्हणतो: वाटा, पायवाटा, पाणी, पाण्याचे पाट, झाडं, कुंपणं, आणि सगळे फायदे. आपल्या सनदांमध्ये 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' येतं, तोच प्रकार. मंत्र पाठ असला की अक्षरं त्यातून ओळखायची आणि मग ती अवघड जागी लावायची. मोडी शिकतानाही 'श्रियासह चिरंजीव' अशा ठरलेल्या मायन्यापासूनच अक्षरं लागतात.

नावं मात्र मोठ्याने वाचा. त्या काळी 'अ' साठी यू लिहायचे. जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव 'जुगोनाथ सुनकरसेट' अशा थाटात येतं. 'क्रस्टनाजी' दिसलं तर तो कृष्णाजी. नुसत्या डोळ्यांना ही नावं परकी वाटतात, कानाला लगेच कळतात.

शब्दनिष्ठ
आणि या खताला मराठीत काय म्हणणार आहात? वर मोठ्या अक्षरात 'धिस इंडेंचर' असेल. तेही 'इंडेंचर'च ठेवणार?

लेस्टरकर
त्याचा अर्थ दातांशी संबंधित आहे. एकाच चामड्यावर दोन प्रती लिहायच्या आणि मधून दातेरी कापायच्या. वाद झाला की दोन्ही कडा जुळवून बघायच्या. कडा खरोखर कापण्याची गरज इंग्लंडात १८४५ च्या कायद्याने संपली, नाव राहिलं.

शब्दनिष्ठ
मग 'दंतुरपत्र' म्हणा. अर्थवाही आहे.

दस्तवाचक
शब्दनिष्ठ, दंतुरपत्र म्हणून कुठल्या दुय्यम निबंधकासमोर उभं राहता येईल? 'खरेदीखत' लिहा. कागद काय करतो ते महत्त्वाचं, त्याची कड कशी आहे ते नव्हे.

माडाखाली
फोंड्याहून लिहितो. तुमच्या 'ओआर्ट'ला आमच्याकडे साधा शब्द आहे, तो अजून कुणी घेतला नाही: भाट. नारळाची जमीन म्हणजे भाट, तिचा मालक भाटकार. पोफळीचं असेल तर कुळागर. हा फक्त गोव्याचा शब्द नाही. गिरगावात मुगभाट आहे, बोरभाट आहे! म्हणजे मुंबईतही ओआर्टला भाटच म्हणत असणार. ताई, खतात 'बॅटी ग्राउंड' असा शब्द आहे का बघा. तो भाटच.

आजोळचे कागद
आहे! उत्तरेच्या सीमेला 'बॅटी ग्राउंड' आहे. मी 'बॅटरी' समजून तोफखाना शोधत होते.

बोरूबहाद्दर
थांबा, थांबा. 'बॅटी' म्हणजे भात. इंग्रज या किनाऱ्यावर सालीसकटच्या तांदळाला बॅटी म्हणत. ताई, त्या शब्दाच्या आसपास माप दिलंय का?

आजोळचे कागद
'मूराह' असं काहीतरी आहे, आधी आकडा.

बोरूबहाद्दर
झालं तर. मूराह म्हणजे मुडा. मुडा भाताचा असतो, नारळ नगावर मोजतात. जमीन किती मुड्यांची, म्हणजे तिच्यात भात किती पिकतं, असा हिशेब. भातशेतच ते.

माडाखाली
एका खतातलं एक शेत भाताचं असेल, नाकारत नाही. पण इंग्रजी कानाला त आणि ट यातला फरक ऐकू येत नाही. भात आणि भाट दोन्ही त्यांच्या लेखी 'बॅटी' होणार. दर ठिकाणी भातच कशावरून? मुगभाटाचं काय करणार?

खेतवाडीकर
मुगभाटाचं उत्तर माझ्याकडे आहे. कोकणात भात कापलं की त्याच ओलीवर मूग, वाल पेरतात. जिथे भातानंतर मूग घेत ते मुगभात, बोलता बोलता ट झाला. आमची खेतवाडीही शेतांवरूनच, म्हणजे शेजारी भातशेती होतीच.

माडाखाली
त चा ट असा उगाच होत नाही. तुम्ही जेवताना भाट वाढता का? मुगाचं भाट म्हणजे ज्या वाडीत माडांच्या मधे मूग पेरले ती. आमच्याकडे आजही आंतरपिकं घेतात.

शब्दनिष्ठ
माडाखाली यांच्याशी सहमत. 'भाट' हा देशी शब्द आहे, आणि आगरापेक्षाही नेमका. ताई, 'ओआर्ट'ला 'भाट' लिहा.

दस्तवाचक
कृपा करून लिहू नका. मुंबईच्या न्यायालयात 'भाट' म्हटलं की स्तुतिपाठक.

आजोळचे कागद
मंडळी, वकिलांना परवा मसुदा द्यायचा आहे. सध्या 'ओआर्ट' ठेवून खुलासा देते आणि 'बॅटी ग्राउंड'ला भातशेत लिहिते, मुडे आहेत म्हणून. ते चालेल ना?

माडाखाली
'बॅटी'चं मला अजून पटलेलं नाही. भातशेत असेल तर बोरभाट कसं होतं ते कुणी सांगा. बोर हे झाड आहे, पीक नाही. भाताच्या खाचरात बोरीचं झाड कोण लावतं?

खेतवाडीकर
खाचरात कशाला, बांधावर असतं ना.

माडाखाली
बांधावरच्या एका बोरीवरून अख्ख्या शेताला नाव?

खेतवाडीकर
फणसवाडीत तरी किती फणस होते?