शटर स्पीड घरीच तपासायचेत, काय काय घेऊ? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ: पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा, कापडी पडद्याचं शटर. १/१००० ला रंकाळ्याच्या निगेटिव्हवर आभाळ एका कडेला पातळ येतंय, १/१२५ ला सगळं सारखं. मोबाईलच्या स्लो-मोशनवर भागेल का, की सेन्सर जोडावा लागेल? सोल्डरिंग येतं.

हायपो: १/३० पर्यंत मोबाईल चालतो. २४० फ्रेम्सला एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची, म्हणजे १/३० ला आठेक फ्रेम उजळ दिसायला हव्यात. १/१००० ला तो काही कामाचा नाही.

बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाशाचा सेन्सर), साडेतीन एमएमची स्टिरिओ पिन आणि माइकचं सॉकेट वेगळं असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. कॅथोड पिनच्या टोकाला आणि मधल्या कड्याला, अॅनोड ग्राउंडला. डायोडवर काळी टेप लावून १ मिमीचं भोक पाडा. हे टाळू नका. पडदा ३६ मिमी अंतर १२ मिलिसेकंदांत कापतो असं धरलं, तर १/१००० ला दोन पडद्यांमधली फट जेमतेम ३ मिमीची होते. उघडा डायोडच पावणेतीन मिमी रुंद, मग आलेखाला सपाट माथा येणार कुठून?

लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, डायोड फिल्म गेटमध्ये (फिल्मवर प्रकाश पडतो त्या चौकटीत) पडद्याला न टेकवता धरा. समोर एक मीटरवर बॅटरीचा टॉर्च, फुल ब्राइटनेसवर. घरातला बल्ब नको, तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि ती लाट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा, १ मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल. चढाच्या अर्ध्या उंचीपासून उताराच्या अर्ध्या उंचीपर्यंत मोजा. विंडोजचं नॉइज सप्रेशन आधी बंद करा. १/१५ पेक्षा मंद स्पीडला माथा ढासळतो, कारण साउंड कार्ड डीसी, म्हणजे न बदलणारा सिग्नल, पुढं सोडत नाही. तिथं फक्त दोन टोकदार ठोक्यांमधलं अंतर बघा.

शाहूपुरीकर: नुसतं मधोमध मोजून थांबू नका, तुमचा दोष तिथं सापडणार नाही. दोन्ही कडा आणि मध्य, तिन्ही जागी दहा-दहा शॉट घ्या. समजा १.४, १.० आणि ०.७ मिलिसेकंद आलं, तर कडेकडेत पूर्ण एक स्टॉपचा, म्हणजे प्रकाशात दुपटीचा फरक. पहिला पडदा जड झाला की दुसरा त्याला गाठत जातो आणि फट निमुळती होते. १/१२५ च्या ८ मिलिसेकंदांत तेवढा ०.७ चा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून तिथं सगळं ठीक वाटतं.

पावसाळाभर कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्याचा पहिला शॉट वेगळा लिहून ठेवा, सुकलेलं वंगण त्यातच कळतं.

रंकाळाकाठ: नेमकं १.० यायलाच हवं का?

शाहूपुरीकर: नाही. ०.८ ते १.२६ म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, निगेटिव्हला चालतं. १/६० ला तर मुळातच १६.७ ऐवजी १५.६ मिलिसेकंद धरतात. कडेचा फरक त्याहून जास्त आला, तरी पडद्याच्या ताणाचे स्क्रू लगेच पिळू नका. आधी सफाई आणि वंगण करून घ्या, मग परत तिन्ही जागी मोजा.