ट्रॅव्हलरची कॅम्पर करतोय, थंडीत हीटर आणि अंघोळीच्या पाण्याचं काय करू?

कर्वेनगर_ते_काझा

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत एक जुनी फोर्स ट्रॅव्हलर 3350 घेतली, एका कंपनीच्या स्टाफ पिकअपला होती ती. सीटा काढल्या आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये आत राहता-झोपता येईल असं काम दर रविवारी स्वतःच करतोय. फ्लोअर झाला, भिंतींना आणि टपाला आतून 19 एमएमची नायट्राइल शीट चिकटवून वर प्लाय मारला, एसी डक्टवाले वापरतात तीच शीट. 200 एएचची 12 व्होल्ट लिथियम बॅटरी आहे आणि टपावर 400 वॅटचं सोलर. पाण्याची टाकी 80 लिटर.

आता अडलंय ते हीटर आणि गरम पाण्यापाशी. ऑक्टोबरच्या शेवटी किन्नौरमार्गे स्पिती करायचंय, आम्ही चौघं म्हणजे मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई. आई 68 ची आहे, तिला सकाळी उठल्या उठल्या गरम पाणी लागतंच आणि अंघोळ चुकवलेली तिला चालत नाही, तिचं म्हणणं आहे की नसेल जमत तर मी पुण्यातच राहते, आणि मला तिला नेल्याशिवाय जायचं नाहीये.

डोक्यात असलेले पर्याय असे की बोहरी आळीत 6 लिटरचा गॅस गीझर स्वस्तात मिळतोय तो लावावा, पाच किलोच्या सिलिंडरवर चालेल, आणि गरम हवेसाठी इन्व्हर्टरवर छोटा रूम हीटर. नाहीतर ते चायनीज डिझेल हीटर. नाहीतर युरोपात लावतात तसा कॉम्बी, ज्यात हवा आणि पाणी दोन्ही एकातच. ज्यांनी स्वतः लावलंय आणि थंडीत वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

वाईकर72

दादा, बाकी काहीही कर पण तो गॅस गीझर गाडीत लावू नकोस, हे आधी सांगतो आणि मग पुढचं बोलू. त्याची ज्वाला उघडी असते, ती आतलीच हवा खाते आणि जळलेला वायू आतच सोडते. घराच्या बाथरूममध्येसुद्धा तो धोका असतो आणि तुझी गाडी म्हणजे सगळी मिळून दहा-बारा घनमीटर हवा, त्यात तू फटी बुजवून इन्सुलेशन केलंयस आणि बाहेर थंडी म्हणून काचा बंद असणार. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, विरळ हवेनं होतं तसंच, म्हणजे स्पितीत तुम्हाला वाटणार की उंचीचा त्रास होतोय आणि मग झोप येणार.

हे मी वाचून सांगत नाहीये. आमच्या आत्याकडे डिसेंबरात बाथरूमच्या खिडकीला वारा लागतो म्हणून पेपर चिकटवला होता, आतेबहीण अंघोळीला गेली ती बाहेर येईना, हाका मारल्या, शेवटी कडी तोडून बाहेर काढली. वाचली, पण दोन दिवस आयसीयूत होती. तेव्हापासून आमच्याकडे कोणाच्याच बाथरूममध्ये गॅस गीझर नाही.

दुसरं म्हणजे आपल्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेन बऱ्यापैकी असतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळ आला की त्याचा वायूच होत नाही, सिलिंडर भरलेला असून शेगडी मिणमिणती. स्पितीतल्या काझ्याला ऑक्टोबरच्या शेवटी पहाटे शून्याच्या खाली जातंच.

आणि रूम हीटरचं गणित बघ, 1500 वॅटचा हीटर तुझी पूर्ण बॅटरी पावणेदोन तासाच्या आत संपवेल. रात्र काढायचीय तुला.

ताम्हिणी_डिझेल

वरच्या काकांशी पूर्ण सहमत. हवेसाठी डिझेल हीटरच, माझ्या टाटा विंगर व्हॅनमध्ये तीन हिवाळे झाले. त्याचं ज्वलन बंद डब्यात होतं, हवा खालून बाहेरची घेतो आणि धूर खालूनच बाहेर सोडतो, आतली हवा फक्त गरम पत्र्यावरून फिरून परत आत येते. त्यामुळे आत दमटपणाही राहत नाही, हे कोणी सांगत नाही पण चार माणसं रात्रभर श्वास घेतात तेव्हा सकाळी काचांवरून पाण्याच्या धारा लागतात, हीटर असला की काच कोरडी.

2 किलोवॅटचा घे. तुझं इन्सुलेशन झालंय, ट्रॅव्हलरला 2 पुरतो. ऑनलाइन 5 आणि 8 चे जास्त दिसतात आणि 8 म्हणून विकतात ते बहुतेक आतून 5 चेच असतात, पण मोठा हीटर रात्रभर मंद चालवला की आत काजळी धरतो. 2 चा तासाला साधारण 0.12 ते 0.24 लिटर डिझेल खातो, म्हणजे रात्रीचं एक-दीड लिटर. चालू असताना वीज 15 ते 30 वॅट, फक्त सुरू करताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापणारी कांडी, काही मिनिटं आठ-दहा अँपिअर ओढतो, तेव्हा वायर जाड पाहिजे नाहीतर व्होल्टेज पडून एरर येतो आणि माणूस हीटरला शिव्या देतो. बंद करताना कधीही बॅटरीचा स्विच थेट पाडायचा नाही, तो स्वतः पंखा फिरवून थंड होतो, ते होऊ द्यायचं.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुझी होणार नाही. विकणारा म्हणाला कुठेही चालतो, मी पुण्यात लावला, महाबळेश्वरला तपासला, मस्त. पहिल्या वर्षी ताबोला पहाटे पाचला बंद. ताबो 3200 मीटरच्या वर, काझा त्याहून उंच, तिथे हवेचा दाब आपल्या जवळजवळ दोन तृतीयांश, पण पंप मात्र डिझेल तेवढंच टाकतो. हवा कमी, तेल तेवढंच, म्हणजे नुसता धूर. हात सुन्न झालेले, हेडलॅम्प लावून ग्लो प्लग काढला, त्याच्या खाली बोटाच्या पेराएवढी तारेची जाळी असते ती काळी ठिक्कर, भोकं पूर्ण बुजलेली. मुलीच्या केसांच्या पिनेनं खरवडून परत बसवली तेव्हा कुठे पेटला. आता मी उंचीवर गेलो की कंट्रोलरमध्ये पंपाचे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला डिझेलचे ठोके, कमी करतो, जमलं तर ऑटो अल्टिट्यूडवाला कंट्रोलरच घे. रोज सकाळी बंद करायच्या आधी पंधरा मिनिटं फुल्ल चालवायचा, काजळी जळून जाते. आणि एक जादा जाळी व ग्लो प्लग सोबत ठेव.

पंप आडवा बसवू नकोस, बाहेर जाणारं तोंड वर करून तिरका, नाहीतर आत हवेचे बुडबुडे राहतात. रबराच्या तुकड्यावर टांग, टकटक कमी होते. किटमधली मऊ हिरवी नळी फेकून दे आणि नायलॉनची घाल. एक्झॉस्ट फ्लोअरच्या खालून गाडीच्या कडेपर्यंत ने, अर्ध्यात सोडला तर धूर फ्लोअरच्या फटीतून वर येतो. तो पाइप भयंकर तापतो, वायरिंग आणि डिझेलची नळी लांब ठेव.

डिझेलबद्दल पण एक. पुण्यात भरलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं धरतं. इंडियन ऑइलनं 2019 साली लडाखकडच्या थंडीसाठी उणे 33 पोर पॉइंटचं, म्हणजे तेवढ्या थंडीपर्यंत वाहतं राहणारं, विंटर ग्रेड काढलंय, तुला ऑक्टोबरात एवढं लागेल असं नाही, पण टाकी रिकामी करत वर जा आणि तिकडचंच डिझेल भर.

कर्वेनगर_ते_काझा

बापरे, एवढं सविस्तर, मनापासून आभार. गॅस गीझर रद्द. आईला ते आत्याकडचं वाचून दाखवलं, ती गप्पच झाली.

हवेचं ठरलं मग. पाण्याचं सांगा आता. शॉवर बसवायचा होता मागच्या दाराशी.

बाणेरची_भटकी

शॉवर कशाला पण? घरी तरी आपण सगळे शॉवरखाली असतो का? परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून सगळे शॉवर, पंप, गीझर करत बसतात आणि 80 लिटरची टाकी दोन दिवसांत कोरडी. आपली बादली आणि तांब्या काढ, अर्धा प्रश्न तिथेच संपतो.

हिशोब करून बघ. 90 अंशाचं 5 लिटर पाणी, त्यात 10 अंशाचं 8 लिटर थंड घातलं की 13 लिटर होतं साधारण 40-41 अंशाचं, छान कढत नाही पण अंगाला लागतं असं. एका माणसाची केस धुवायची नसतील तर व्यवस्थित अंघोळ. म्हणजे तुला माणशी फक्त 5 लिटर तापवायचंय. ते पाच लिटर 10 वरून 90 ला न्यायला जवळपास अर्धा युनिट लागतं, बॅटरीवरून काढलंस तर इन्व्हर्टरचा तोटा धरून 40 एएचच्या आसपास, चौघांचे 160, म्हणजे तुझी बॅटरी अंघोळीतच गेली. म्हणून रॉड नको. शेगडीवर केलंस तर 70-80 ग्रॅम गॅस, पाच किलोच्या सिलिंडरमध्ये साठ तरी बादल्या होतात, स्वयंपाक वेगळा.

शेगडी पण उघडी ज्वालाच आहे हे लक्षात ठेव, टपाचा व्हेंट आणि दाराची फट उघडी ठेवून, माणूस जागा असताना, आणि झाली की सिलिंडरचा नॉब बंद. मी पहाटे तापवतच नाही. रात्री जेवणं झाल्यावर, गाडी गरम असते तेव्हा, मोठ्या पातेल्यात पाणी करून स्टीलच्या दोन इन्सुलेटेड कॅनमध्ये भरते आणि वर जुनी गोधडी गुंडाळते. सकाळी सहाला झाकण उघडलं की वाफ येते अजून. काकूंना प्यायचं पाणी आणि तोंड धुवायला त्यातूनच.

आणि शेगडीवर काझ्यात 90 च्या वर पाणी जातच नाही, आधीच उकळतं, डाळ शिजत नाही म्हणून कुकर घेऊन जा, ते वेगळंच पण सांगून ठेवते.

अंघोळीला मागच्या दोन दारांमध्ये जाड ताडपत्री लावते आणि खाली प्लॅस्टिकचं टब, पाणी त्यात जमतं मग लांब नेऊन ओतायचं. वयस्कर माणसाला वाऱ्यात नको, काकूंची आतच होऊ दे, हीटर चालू ठेवून.

भोसरी_फॅब्रिकेटर

ताईंचं बरोबर आहे, पण गाडी रोज चार-पाच तास चालणार असेल तर फुकटचं गरम पाणी इंजिनात आहे, ते का सोडायचं.

आपला तांब्याचा बंब आठवतोय ना, मधून जाळाची नळी आणि भोवती पाणी. तेच करायचं, फक्त जाळाच्या जागी इंजिनचं कूलंट. एसएस 304 म्हणजे स्टेनलेस स्टीलची 20 लिटरची टाकी, आत कॉइल, कॉइलमधून कूलंट फिरतं, टाकीतलं पाणी वेगळं, दोन्ही कधी एकत्र येत नाहीत. केबिन हीटरच्या होजमध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून घ्यायचं. बोटीवर हेच वर्षानुवर्षं वापरतात. कूलंट 85-90 असतं त्यामुळे तासाभराच्या ड्राइव्हनंतर टाकी कडकडीत, भोवती तुझीच नायट्राइल दोन थर गुंडाळली की संध्याकाळी तापलेलं सकाळी अंघोळीला पुरतं.

पण तीन गोष्टींशिवाय करू नकोस. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह पाहिजेच. नळाच्या आधी थंड पाणी आपोआप मिसळणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह पाहिजे, कारण टाकीतलं पाणी मुलीच्या हातावर पडलं तर भाजेल. आणि टाकी गाडीत चढवायच्या आधी प्रेशर टेस्ट करून घे, कॉइल आतून लीक झाली तर कूलंट तुमच्या पाण्यात येतं, ते विषारी असतं. त्यामुळे हे पाणी फक्त अंघोळीला आणि भांड्यांना, प्यायला नाही. मी स्वतःच्या गाडीची टाकी केली तेव्हा पहिली कॉइल टेस्टला एका वेल्डमधून घामासारखी पाझरत होती, वरून बघून कळलंच नसतं. कापून परत केली.

रात्री उणे जाणार असेल तर गाडीखालून गेलेले पाइप रिकामे कर, ड्रेन कॉक सगळ्यात खालच्या जागी ठेव. बर्फ झाला की फिटिंग फुटतं आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी दुपारी. लिथियम बॅटरी पण आतच ठेव, शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते.

वाईकर72

कॉम्बीचं राहिलंच. ट्रुमा कंपनीचा कॉम्बी 4 म्हणजे गॅसवर चालणारा, 10 लिटर पाणी आणि हवा दोन्ही, बंद ज्वलन, गोठायला लागलं की स्वतः पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह. वस्तू चांगली आहे, नावं ठेवत नाही. पण त्याचा गॅस म्हणजे थंडीत प्रोपेन, आणि बिघडला तर काझ्यात पार्ट कुठून आणणार? डिझेल हीटर आणि बंब वेगवेगळे असले तर एक बिघडला तरी दुसरा चालतो. आई सोबत आहे, मी तरी वेगळेच ठेवीन.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीला लाव, गॅसचा अलार्म खाली फ्लोअरजवळ, कारण आपला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजे.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून घे, सीटा काढून आत सामान बसवणं म्हणजे बदल, आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याला अडचण येऊ शकते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं स्टँडर्ड आहे. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नकोस.

कर्वेनगर_ते_काझा

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. तर मग 2 किलोवॅटचा डिझेल हीटर, भोसरीवाल्या दादांसारखी 20 लिटरची टाकी, आणि शॉवर काढून बादली. शनिवारी तापकीर गल्लीत जाऊन वायर, फ्यूज आणि दोन्ही अलार्म आणतो. आईला टाकीचं चित्र काढून दाखवलं तर म्हणाली हा तर आपला बंबच, साताऱ्याच्या घरी माळ्यावर अजून आहे. आता तीच विचारतेय कधी निघायचं.

दादा, टाकीचं ड्रॉइंग मिळेल का? आणि पंप किती तिरका ठेवू?

ताम्हिणी_डिझेल

15 ते 35 अंशात ठेव, मोबाइलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपने मोजता येतं. बसवलास की फोटो टाक, भोक पाडायच्या आधी टाक. फ्लोअरच्या खाली त्या जागी ब्रेकची लाइन जात नाही ना, हे मला बघायचंय.