स्काऊट-गाईड चळवळीचा इतिहास आणि तिचे आजचे मोल: पथक सुरू करण्यापूर्वी काही प्रश्न

माध्यमिक_शिक्षिका:

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी गाईड पथकाची जबाबदारी माझ्याकडे सोपवली आहे. मी स्वतः कधी गाईड नव्हते. माझ्या आठवणीतले स्काऊट म्हणजे १५ ऑगस्टला गळ्यात स्कार्फ घालून झेंड्याजवळ ताठ उभी राहणारी आणि पाहुणे निघून गेले की सतरंज्या गोळा करणारी मुले.

पालकसभेत विषय निघाला तेव्हा एका पालकांनी सरळ विचारले, "बाई, इंग्रजांच्या एका सेनापतीने काढलेली ही गोष्ट, मुलींना कवायत शिकवून आता काय मिळणार?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, आणि माझ्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. म्हणून येथे विचारते. ही चळवळ नेमकी कशातून उभी राहिली, आपल्याकडे ती कशी आली आणि आजच्या मुलांना तिच्यातून असे काय मिळते जे खेळाच्या तासाला किंवा एनसीसीत मिळत नाही? ज्यांनी पथके चालवली आहेत किंवा जे स्वतः पथकात होते, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुना_स्काऊटमास्तर:

बाई, प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे, म्हणून थोडे मागे जातो.

रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी होते हे खरेच आहे. त्यांची नोकरी १८७६ मध्ये आपल्याच देशात, लखनौला सुरू झाली. टेहळणी हा त्यांचा खास विषय, आणि 'स्काऊट' या शब्दाचा मूळ अर्थही टेहळ्या असाच. १८९९-१९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता. त्या काळात गावातील गोऱ्या मुलांची एक तुकडी निरोप पोचवणे, पहाऱ्यावर उभे राहणे अशी कामे करीत होती. ही तुकडी बेडन-पॉवेल यांनी स्वतः उभारलेली नव्हती, मात्र विश्वास टाकला तर बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाचे काम जबाबदारीने करतो, ही गोष्ट त्यांच्या मनात तेथे पक्की झाली. त्याच वेढ्यात गावातील काळ्या रहिवाशांच्या वाट्याला फार अपुरे अन्न आले आणि त्याबद्दल इतिहासकारांनी बेडन-पॉवेल यांच्यावर टीका केली आहे. पालकांशी बोलताना हेही लपवू नका.

परंतु स्काऊटची खरी सुरुवात मॅफेकिंगला झाली नाही, ती ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी या लहानशा बेटावर झाली. तेथे वीसेक मुलांचे आठवडाभराचे शिबिर भरले. त्यांतील काही मुले ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतील होती आणि काही पूल आणि बोर्नमथ या गावांच्या कष्टकरी घरांतील, 'बॉइज ब्रिगेड' या मुलांच्या संघटनेची. इंग्लंडात त्या काळी ही मुले एका पंगतीला बसणे दुर्मिळ होते. बेडन-पॉवेल यांनी त्यांचे चार गट केले आणि त्यांना कर्लू आणि रॅव्हन हे पक्षी, लांडगा आणि बैल अशी नावे दिली. प्रत्येक गटावर एक मोठा मुलगा नायक नेमला आणि शिस्त, काम, राखण यांची जबाबदारी त्याच्यावर टाकली.

माझ्या मते या चळवळीचे सारे मर्म या चार गटांत आहे. गणवेश, सलामी, पदके ही सगळी वरची सजावट आहे. सहा-आठ मुलांचा संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक आणि त्या नायकाला मिळालेली खरी, चुकण्याची मुभा असलेली सत्ता, एवढे असेल तर स्काऊट आहे. ते नसेल तर गणवेशातला पी.टी.चा तास आहे. खेळात प्रशिक्षक ठरवतो, एनसीसीत वरून हुकूम येतो. येथे तंबू कुठे ठोकायचा, आज चूल कोणी पेटवायची आणि दमलेल्या भिडूची पिशवी कोणी घ्यायची हे तेरा वर्षांचे पोर ठरवते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९०८ मध्ये त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक पंधरा दिवसांना एक भाग असे सहा भागांत निघाले. कोणी संघटना काढण्याआधीच ठिकठिकाणच्या मुलांनी ते वाचून आपापले संघ बांधले आणि मग आपल्याला शिकवायला मोठ्या माणसांना शोधून आणले. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यात काही मुली बोलावणे नसताना हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ उभी राहिली. तुमच्या शाळेतील मुलींना ही गोष्ट अवश्य सांगा.

सातपुडा:

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण पालकांचा प्रश्न 'इंग्रजांची गोष्ट' असा होता आणि त्याचे उत्तर ब्राउनसीवर मिळणार नाही, ते भारतात शोधावे लागेल.

भारतात पहिले पथक १९०९ मध्ये बंगळूरला निघाले आणि गाईडची पहिली कंपनी १९११ मध्ये जबलपूरला. सुरुवातीला त्यांत प्रवेश होता तो केवळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. भारतीय मुलांना दार बंद होते, कारण सरकारला त्यांची संघटना नको होती. म्हणून आपल्या लोकांनी आपली पथके काढली. श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ मध्ये शाहजहानपूरला सुरुवात केली. १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. पुढे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समिती स्काऊट संघटना काढली. मेळ्यांच्या गर्दीत यात्रेकरूंची सेवा करणे हे सेवा समितीचे काम, आणि तोच बाणा या स्काऊटांनी घेतला. टेहळणीच्या जागी सेवा आली, हा भारतीयांनी या चळवळीत केलेला सर्वांत मोठा बदल आहे असे मी मानतो.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली. सेवा समितीने मात्र आपले वेगळेपण राखले. १९३७ च्या सुमारास भारतीयांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांनी काढलेल्या अनुदार उद्गारांमुळे देशभर संताप उसळला, अनेक भारतीय कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यातून हिंदुस्थान स्काऊट संघटना उभी राहिली. म्हणजे ज्याने ही पद्धत काढली त्याला भारतीय स्काऊटांनी तोंडावर जाब विचारला, पण पद्धत टाकून दिली नाही. मला यात त्या पिढीचा मोठा विवेक दिसतो.

स्वातंत्र्यानंतर या सर्व संघटना एकत्र आणण्याचे काम मौलाना आझाद, कुंझरू आणि मंगलदास पक्वासा यांनी केले. पक्वासा मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील, पुढे मध्य प्रांताचे राज्यपाल म्हणून नागपुरास आलेले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटना तिच्यात आली. तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. नागद्वाराच्या यात्रेला गेलेल्या विदर्भातील मंडळींना तो डोंगर ठाऊक असेलच. जुन्या मराठीत 'बालवीर' आणि 'वीरबाला' असे सुंदर शब्द होते, ते मागे पडले याचे मला वाईट वाटते.

कवायतीविषयी एकच सांगतो. ही सैन्याची पूर्वतयारी असती, तर नाझी जर्मनीने आणि सोव्हिएत रशियाने तिच्यावर बंदी घातली नसती. दोन्ही सत्तांना गणवेशातील मुले हवीच होती. त्यांना खुपत होते ते स्वतः निर्णय घेणाऱ्या आणि साऱ्या जगातील मुलांना भाऊ म्हणणाऱ्या मुलांचे संघ.

मोगरा_संघ:

मी गाईड होते, त्यामुळे ताईंना आतून दिसलेली एक गोष्ट सांगते. गाईडच्या संघांना फुलांची नावे असतात, आमचा मोगरा.

आठवड्याच्या बैठकीत एक खेळ असे. ताटात चोवीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर पाहायच्या, वर फडके टाकायचे आणि आठवून लिहायच्या. बटण, शेंग, किल्ली, तुटका कंगवा. आम्हाला तो केवळ खेळ वाटे. सातवीत असताना आषाढीला आमचे पथक पंढरपुरात पाणी वाटायला गेले होते. दुपारी चार-पाच वर्षांची एक चुकलेली मुलगी आमच्याकडे आली. तिला गावाचे नाव सांगता येईना, रडून आवाज बसलेला. आमची संघनायिका आठवीतली. तिने एकीला तिच्याजवळ बसवले, गूळ-शेंगदाणे दिले आणि तिच्याकडे नुसती पाहत राहिली. मुलीच्या पिशवीच्या बंदाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. नायिका म्हणाली, "अशाच चिंध्या सकाळी त्या बायकांच्या बोचक्यांना होत्या, ज्यांनी आपल्याकडून कळशी भरून घेतली." आपली बोचकी ओळखू यावीत म्हणून एकाच लुगड्याच्या चिंध्या त्या बायकांनी बांधल्या होत्या. आम्ही दोघी आणि बाई वाळवंटाच्या दिशेने गेलो आणि तासाभरात तिची आजी सापडली. आजीने नायिकेच्या पायांना हात लावला तेव्हा ती इतकी गोंधळली की तिने स्काऊटची सलामी ठोकली.

आम्हाला त्या दिवशी कोणी शाबासकीचे भाषण दिले नाही, बाईंनी फक्त संघाच्या वहीत एक ओळ लिहायला सांगितली. मला आजही गर्दीत गेल्यावर माणसांच्या हातांकडे, पिशव्यांकडे पाहायची सवय आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मुलींना मुक्कामी नेताना किमान दोन प्रौढ बरोबर असलेच पाहिजेत, त्यांत स्त्रिया हव्यातच, आणि कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलीला बाजूला नेऊ नये. अमेरिकेतील बॉय स्काऊट संघटनेला २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि लैंगिक शोषणाचे ८२,००० हून अधिक दावे पुढे आले. मुलांवर विश्वास टाकणारी चळवळ मोठ्यांवर डोळे मिटून विश्वास टाकू शकत नाही. पालकांनी विचारण्याआधी तुम्हीच हे नियम त्यांना वाचून दाखवा.

आकडेप्रेमी:

'काय मिळणार' याविषयी एक भक्कम अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जात आहे. एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी त्यांतील सुमारे दहा हजार जणांची माहिती तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला की, लहानपणी स्काऊट किंवा गाईड असलेल्यांना पन्नाशीत चिंता आणि नैराश्याचे विकार असण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी होती. गरीब घरांत वाढलेल्यांना मानसिक आजाराचा जो अधिक धोका असतो, तोही स्काऊट-गाईड असलेल्यांत कमी झालेला दिसला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही हे खरे, तरी ग्रामीण शाळेच्या दृष्टीने मला हा दुसरा निष्कर्ष पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

जुना_स्काऊटमास्तर:

'खरी कमाई'विषयी लिहायचे राहिले. आपल्याकडे शाळाशाळांत हा उपक्रम होतो आणि तो बिघडलेलाही आहे. मुलाने स्वतः अंगमेहनतीचे काम करून चार पैसे मिळवावेत आणि ते पथकाच्या कामी लावावेत, हा त्याचा हेतू. मी ज्या एका शाळेत होतो तेथे आया पहाटे उठून वडे तळत, वडील गाडीवरून पातेली आणून देत आणि मुले फक्त पैसे घेत. विक्री भरपूर होई, फोटो छान येत. पुढच्या वर्षी मी संघांना सांगितले की घरून काहीही आणायचे नाही. एका संघाने सायकली धुतल्या, एकाने शिक्षकांच्या वह्यांना कव्हरे घातली, एकाने शेजारच्या मळ्यात शेंगा तोडल्या. कमाई निम्म्याहून कमी झाली. पण शेंगा तोडणाऱ्या मुलांनी त्या पैशांतून घेतलेला दोर त्यांनी कोणाला जमिनीवर फरफटवू दिला नाही.

माध्यमिक_शिक्षिका:

सर्वांचे मनापासून आभार. प्रशिक्षण झाले आणि गेल्या रविवारी आमची पहिली एकदिवसीय सहल गावामागच्या टेकडीवर झाली. मोगरा, जास्वंद आणि शेवंती असे तीन संघ केले आहेत. इतिहास पालकसभेत सांगितला, १९३७ चा प्रसंगसुद्धा. ज्यांनी प्रश्न विचारला होता, ते पालक सहलीला स्वतः पाण्याचे कॅन घेऊन आले.

एक अडचण आहे. जास्वंद संघाने ओली लाकडे आणली, चूल धुमसत राहिली आणि भात कच्चा राहिला. मी दोनदा पुढे झाले आणि दोनदा मागे आले. शेवटी मुलींनी शेवंती संघाकडून भात मागून घेतला आणि बदल्यात त्यांची भांडी घासून दिली. नायिका मात्र परतताना गप्प होती. पुढच्या वेळी लाकडे कशी निवडायची हे मी तिला आधीच सांगून ठेवू का?

जुना_स्काऊटमास्तर:

सांगू नका. तिन्ही नायिकांची सभा घ्या, म्हणजे आपले कोर्ट ऑफ ऑनर, आणि तिला पहिल्यांदा बोलू द्या. मग शेवंतीच्या नायिकेला विचारा की त्यांची लाकडे कोरडी कशी होती. काडी मोडून पाहायची, कट्कन आवाज आला तर ती जळते आणि नुसती वाकली तर धूर देते, हे एक मुलगी दुसरीला सांगेल. तुम्ही वही घेऊन बाजूला बसा. आणि तिने भांडी घासण्याचा जो तोडगा काढला, तो त्या वहीत तिच्या नावाने लिहून ठेवा.